नंबर नसलेला फोन

"जिवंत आहेत का ते? एवढं तरी सांग, मेल्या!" मी फोनमध्ये ओरडले. पलीकडून कुणी बोललं नाही. नुसता श्वास ऐकू आला आणि मग फोन बंद झाला.

साडीला फॉल लावून न्यायला आलेल्या देशमाने काकू समोर उभ्या होत्या. त्यांनी साडी तशीच काउंटरवर ठेवली. "राहू दे गं हेमा, घाई नाही," म्हणाल्या आणि पायऱ्या उतरल्या. घाई नाही म्हणे! त्यांच्या भाचीचं लग्न तोंडावर आलं होतं. पण त्या दिवसांत माझा अवतार बघून माणसं अशीच काढता पाय घ्यायची.

मी मोबाइल पाहिला. नंबर नव्हताच. 'प्रायव्हेट नंबर' एवढी इंग्रजी अक्षरं. त्याला उलटा फोन लागत नाही, हे मी तोवर चांगलंच शिकले होते.

अण्णा, म्हणजे माझे वडील, घरातून गेल्याला आठवडा उलटला होता.

बार्शीत मार्तंड फेटेवाले म्हटलं की जुनी माणसं अजून ओळखतात. तालुक्यातले निम्मे नवरदेव अण्णांनी बांधलेल्या फेट्यात बोहल्यावर चढले. घरातली मी मात्र राहिले. आई गेली, मग धाकट्या भावाचं शिक्षण आलं, मग अण्णांचं हे दुखणं, आणि माझ्या डोक्यावर अक्षता पडायच्या राहिल्या त्या राहिल्याच. त्याचं मी कधी रडगाणं गायलं नाही. माझं फॉल-पिकोचं दुकान बरं चालायचं आणि कुणाला उत्तर द्यायचं नव्हतं. अण्णांनी मात्र जावयासाठी म्हणून एक जरीचा फेटा ट्रंकेत जपून ठेवला होता. पुढे त्यांचं डोकं रिकामं होत गेलं. जेवलेलं विसरायचे, आई गेली हेही विसरायचे, आणि मला विचारायचे, "हेमा, वऱ्हाड आलं का गं?" मी म्हणायचे, "वाटेत आहे, अण्णा. गाडी पंक्चर झालीय." त्यांना ते पटायचं. सगळं विसरले, तरी हेमा हे नाव आणि हेमा म्हणजे मी, एवढं त्यांच्या डोक्यात पक्कं होतं.

त्यांना फिट यायच्या. सकाळ-संध्याकाळ गोळी लागायची. ती चुकली की कोसळायचे, तोंडाला फेस यायचा. डॉक्टरांनी बजावलं होतं, या वयात आता एखादी फिट जिवावर बेतेल. आणि असा हा माणूस वैशाखाच्या भर दुपारी, मी गिऱ्हाइकाशी बोलत असताना, मागच्या दारानं निघून गेला. घरात ट्रंक उघडी पडली होती आणि जरीचा फेटा गायब होता.

माझा धाकटा भाऊ सुधाकर पुण्याहून धावत आला. त्यानं 'हरवले आहेत' म्हणून पत्रकं छापली. खाली माझा नंबर आणि वर फोटो. फोटो बघून मी कपाळावर हात मारला. एका लग्नात काढलेला, डोक्यावर भरजरी फेटा, मिशांना कलप, छाती पुढे.

"अरे सुध्या, हा फोटो? आज असे दिसतात का ते? डोक्यावर केस नाहीत, दाढीची खुंटं वाढलेली. कोण ओळखणार यावरून?"

"आक्का, दुसरा धड फोटोच नाही गं. आणि अण्णांचा फोटो लावायचा तर..." त्याचा आवाज भरून आला. "भिकाऱ्यासारखा कसा लावू?"

चौकीतल्या हवालदारांनीही तेच सुनावलं. "हरवलेला माणूस शोधायचाय का लग्नाची पत्रिका छापायचीय?" पण तोवर पत्रकं गावोगाव गेली होती.

आणि मग फोन सुरू झाले. देवा! जगात इतकी रिकामटेकडी माणसं आहेत हे मला ठाऊकच नव्हतं. एक जण म्हणाला, विहिरीत बघा. एक बाई म्हणाली, तुमच्या घरावर करणी झालीय. नंबर दिसला की हवालदार त्यांना दम भरायचे, म्हणून खरे विघ्नसंतोषी नंबर लपवून करायला लागले. एका प्रायव्हेट नंबरवाल्यानं इतक्या मायेनं सांगितलं, "कुर्डुवाडी स्टेशनावर बसलेत बघा तुमचे वडील, पाणी पाजलंय मी त्यांना," की मी गोळ्या आणि दहीभात घेऊन पळाले. दिवसभर एकेका बाकड्यावरचं म्हातारं तोंड बघत फिरले. संध्याकाळी त्याचाच फोन आला. "सापडले का?" म्हणाला आणि खदाखदा हसला. मागं आणखी दोघं-तिघं हसत होते. तो दहीभात मी स्टेशनावरच्या कुत्र्याला घातला आणि तिथंच फरशीवर बसून हंबरडा फोडला. लाज वाटायचं भान कुणाला होतं?

त्यानंतर मी एक युक्ती केली. कुणीही "पाहिलंय" म्हणालं की विचारायचं, "त्यांच्या हाताला चाळा कसला आहे?" पत्रकात ते लिहिलेलं नव्हतं. अण्णा हाती लागेल ते कापड फेट्यासारखं गुंडाळायचे. टॉवेल, उशीचा अभ्रा, माझा पदरसुद्धा. जन्मभर बोटांनी तेच केलेलं. फोनवाले म्हणायचे, हात थरथरतात, माळ ओढतात, भीक मागतात. मी फोन ठेवायचे.

सुधाकर वैतागला. "आक्का, प्रायव्हेट नंबर दिसला की उचलायचाच नाही. हवालदारही तेच म्हणाले. दे तो फोन इकडं."

"हात लावशील तर बघ!"

"झोप नाही, जेवण नाही. तू आडवी पडलीस तर मी कुणाकुणाकडं बघू?"

"आणि शंभरातला एक खरा असला तर?"

त्यानं पुढे केलेला हात मागे घेतला. फोन माझ्याकडेच राहिला, पण माझाही धीर सुटत चालला होता.

त्यातच हे मुके फोन सुरू झाले. नेमके दुपारचे, घरोघरी माणसं जेवून लवंडतात तेव्हा. कुणी बोलायचं नाही. श्वास, कधी लांबून भांड्यांचा आवाज, आणि बंद. मी आधी विनवायचे. मग शिव्या घालायला लागले. आमच्या गल्लीतल्या बायकांना माझ्या तोंडी असले शब्द आहेत हे तेव्हा कळलं. देशमाने काकूंसमोर मी ओरडले, तो तिसरा की चौथा फोन असेल. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच. 'प्रायव्हेट नंबर'. मी उचलला आणि तोंड उघडणार तोच पलीकडून कुजबुज ऐकू आली.

"ताई, शिव्या देऊ नका. मला मोठ्यानं बोलता येत नाही."

कोवळ्या पोरीचा आवाज होता.

"तुमचे वडील आमच्या घरी आहेत."

मी ताडकन उठले. पण कुर्डुवाडी डोळ्यांसमोर आली. मी दात आवळून विचारलं, "हाताला चाळा कसला आहे त्यांच्या?"

"फेटा," ती म्हणाली. "काहीही घेतात न् गुंडाळतात. माझा पदरसुद्धा."

 रडू, हसू, काय ते कळेना. सुध्याला हातानं खुणा केल्या. तो धावत आला आणि फोनला कान लावून उभा राहिला.

"गोळी देताय का गं त्यांना? फिटची गोळी?"

"कसली गोळी? आम्हाला काय माहीत! काल पडले ते. तोंडाला फेस आला. सगळे घाबरले. ताई, मामंजी म्हणत होते, ह्यांना इथं काही झालं तर निवडणुकीच्या तोंडावर नसती बला. उद्या सकाळी गाडीत घालून लांब कुठल्यातरी देवळाबाहेर बसवून येणार आहेत. तिथं कुणी ना कुणी खायला घालतं, म्हणाले."

"अगं पण तुमच्याकडं आलेच कसे?"

"वऱ्हाडाच्या गाडीतून. माझं लग्न झालं ना बार्शीत, तिथून. सासरच्यांना वाटलं, माझे पाठराखे म्हणून आलेत. मला वाटलं, ह्यांच्याकडचे कुणी आजोबा. नव्या पाहुण्यांना कसं विचारायचं? लाजेनं आधी कुणी विचारलंच नाही. काल पडले तेव्हा माझ्या माहेरी विचारलं, न् कळलं, ते कुणाचेच नाहीत. मग माझ्या बांगड्यांच्या पुडक्याला तुमचं पत्रक गुंडाळलेलं आलं. फेट्यातला फोटो बघून ओळखलं मी, पण घरात सांगायची छाती झाली नाही."

सुध्यानं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्याकडं बघितलं नाही.

"गाव कुठलं, पोरी? लवकर सांग."

"मी सांगितलं असं कळलं तर ताई मला..."

"सूनबाई, कुणाशी बोलतीयास?" मागून बाईचा आवाज आला, आणि फोन बंद.

मी त्या फोनकडे बघत राहिले. एवढं सगळं सांगितलं पोरीनं आणि गावाचं नाव तेवढं राहिलं. नंबर असता तर पोलिसांनी तरी लगेच काही केलं असतं; लपलेला नंबर शोधायला त्यांनाही दिवस लागतात. आता तिचा फोन पुन्हा येईल याचा काय भरवसा? आणि आला तरी उद्या सकाळच्या आत येईल का? मी ते यंत्र उचलून भिंतीवर आपटणार होते. सुध्यानं हात धरला.

"आक्का, बार्शीत लग्न झालं म्हणाली ती. अण्णा गेले त्याच दिवशी."

मागच्या गल्लीला लागूनच मंगल कार्यालय. तिथले व्यवस्थापक चौगुले, गावात नवेच आलेले. पहिल्याच दिवशी मी त्यांना विचारलं होतं, "एखादा हरवलेला म्हातारा दिसला का हो?" आणि ते "नाही बुवा" म्हणाले होते. आता आम्ही दोघं पळतच गेलो. चौगुले पंगतीची पानं मांडून घेत होते.

"चौगुले, गेल्या आठवड्यातल्या त्या लग्नात फेटे बांधणारा म्हातारा होता का?"

"होता की! काय हात होता हो त्यांचा. नवरदेवाला स्वतः बांधला. मुलाकडचे आजोबा होते ते. मुलीच्या वडिलांनी शेजारी बसवून आग्रहानं जिलबी वाढली त्यांना."

"चौगुले, ते माझे वडील."

त्यांच्या हातातली पानं खाली पडली. "अहो, तुम्ही हरवलेला म्हातारा विचारलात! हे कुठं हरवलेले होते? हे तर मानाच्या पाटावर बसले होते!"

त्यांना तरी काय बोलणार? मुलाकडचे समजले मुलीकडचे, मुलीकडचे समजले मुलाकडचे. लग्नात असंच चालतं. फेटा बांधलेल्या म्हाताऱ्याला कोण विचारतं, तुम्ही कोणाचे म्हणून? मुलगा सावळदऱ्याच्या आबासाहेबांचा, एवढं चौगुल्यांना पक्कं आठवत होतं. आबासाहेब म्हणजे तिकडचं बडं प्रस्थ; असली माणसं आपला नंबर कुणाला दिसू देत नाहीत. फोन नंबर लपलेला का होता, ते मला तेव्हा कळलं. पोरगी सासऱ्याच्याच फोनवरून बोलत होती.

आम्ही भाड्याची जीप केली. वाटेत मी सुध्याला बजावलं, "पोरीच्या फोनाचं तिथं अवाक्षर काढायचं नाही."

सावळदऱ्याला पोचलो तेव्हा उन्हं कलायला आली होती. दगडी ओटा, दारात दोन गाड्या. आबासाहेब बाजेवर बसले होते. पोटावरचा सदरा ओढत त्यांनी आम्हाला आपादमस्तक न्याहाळलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं हो, ते इथं हायत म्हणून?"

"कार्यालयाच्या चौगुल्यांनी," मी म्हणाले. "तुमच्याकडचे आजोबा म्हणून मुलीच्या वडिलांनी जिलबी वाढली की आमच्या अण्णांना."

आबासाहेब माझ्या तोंडाकडं बघत राहिले आणि मग मोठ्यानं हसले. "आन् आमी म्हनतोय, मुलीकडच्यांनी पाठराखीण धाडायची तर म्हातारा का धाडलाय! चुकामूक झाली म्हनायची. न्या, न्या. आमी उद्या तुमच्याकडंच आनून सोडनार होतो."

मी "तुमचे उपकार" म्हणाले. जीभ अशी चावली की रक्ताची चव आली.

अण्णा आतल्या चौकात सावलीला बसले होते. कपाळाला खोक पडली होती, कालच्या फिटची. मांडीवर टॉवेल होता आणि बोटं गुंडाळत होती. मी त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसले. 

"अण्णा..."

त्यांनी मान वर केली आणि अदबीनं हात जोडले. "नमस्कार. कुणाकडच्या आपण?"

"अण्णा, मी हेमा."

"हेमा आत आहे," ते हसून म्हणाले. "माझी मुलगी. इथं दिलीय तिला. चांगलं घर मिळालं हो." आणि त्यांनी आत हाक मारली, "हेमा! पाहुण्या आल्यात गं, पाणी आण."

"आले, अण्णा."

तोच आवाज. पदर डोक्यावर घेतलेली, जेमतेम विशीची पोर तांब्या-भांडं घेऊन बाहेर आली. तिच्यामागं खुंटीवर काहीतरी चमकलं. अण्णांचा जरीचा फेटा. जावयासाठी ठेवलेला.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अण्णा वाट चुकले नव्हते. वाजंत्री ऐकून त्यांना वाटलं, वऱ्हाड आलं. ट्रंक उघडली, फेटा घेतला आणि लेकीच्या लग्नाला गेले. जावयाच्या डोक्याला आपल्या हातानं फेटा बांधला. लेक सासरी निघाली तसे तिच्याबरोबर गाडीत बसले. इतकी वर्षं मी म्हणत होते ना, वऱ्हाड वाटेत आहे? ते आलं होतं. मी तेवढी तिथं नव्हते.

मी गोळी पुढं केली. त्यांनी घेतली नाही. परक्या बाईच्या हातचं कसं घ्यायचं, असा संकोच त्यांच्या चेहऱ्यावर होता. पोरीनं ती माझ्या हातातून घेतली आणि त्यांच्या जिभेवर ठेवली. मुकाट्यानं गिळली त्यांनी.

"चला अण्णा, घरी जाऊ," सुध्या म्हणाला.

"असं कसं? पोर नवीन आहे. रुळल्याशिवाय कसा जाऊ? पाठराखा म्हणून आलोय मी." आणि त्यांनी खांब घट्ट धरला. सुध्यानं हात सोडवायला घेतला तसे ते घाबरून ओरडायला लागले. आबासाहेब ओट्यावरून म्हणाले, "आवरा लवकर." ही माणसं अंगाला हात घालून गाडीत कोंबणार, हे मला दिसत होतं. त्या धसक्यानं पुन्हा फिट आली तर? मी पोरीकडं बघितलं. हातच जोडले म्हणा ना.

ती पुढं झाली. अण्णांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"अण्णा, मी रुळले. इथं सुखात आहे मी. तुम्ही जा आता."

"खरं?"

"खरं."

"नवरा चांगला आहे ना?"

तिनं मान हलवली. अण्णांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, खांब सोडला आणि शहाण्यासारखे चालायला लागले.

निघताना तिनं मला हळदीकुंकू लावलं. तेव्हा हात जवळून दिसला. हिरवा चुडा एका मनगटात गच्च भरलेला आणि दुसऱ्यात निम्म्याच बांगड्या. नव्या नवरीच्या! तिथंच सुकत आलेली खरचटल्याची खूण होती. तिनं पदरानं हात झाकला. मी खालच्या आवाजात म्हणाले, "नंबर आहे ना तुझ्याकडं? कधीही कर. शिव्या देणार नाही." ती ओठ न हलवता म्हणाली, "दुपारी मामंजी झोपतात." एवढंच. तुझं खरं नाव काय, बांगड्या कशानं फुटल्या, काही विचारलं नाही मी. सगळे बघत होते. मला माझे अण्णा मिळाले होते आणि मला तिथून पळायचं होतं.

अण्णा नंतर दोन पावसाळे जगले. मला हेमा म्हणून त्यांनी पुन्हा कधी ओळखलं नाही. "बाई" म्हणायचे. "बाई, तुम्ही फार करता हो माझं." पण अधूनमधून दुपारी 'प्रायव्हेट नंबर' वाजायचा. मी फोन त्यांच्या कानाला लावायचे. ते विचारायचे, "हेमा, सुखात आहेस ना गं?" पलीकडून "हो, अण्णा" यायचं आणि फोन बंद व्हायचा. त्या दिवशी त्यांना भूक लागायची.

ते गेले त्याच्या पंधरवड्यानं पुन्हा फोन वाजला. दुपारच होती. दुकानात मी एकटीच होते. मी उचलला.

"अण्णा?"

मला सांगायचं होतं की अण्णा आता नाहीत. पण मी मशीनखालची चिंधी बोटाला गुंडाळत राहिले. पलीकडंही शांत होतं. नुसता श्वास, पहिल्यासारखा. आणि माझ्या तोंडून आपसूक अण्णांचंच वाक्य बाहेर पडलं.

"सुखात आहेस ना गं?"

 मला वाटलं, फोन बंद झाला.

"नाही," ती म्हणाली.

मी मशीनचं बटण बंद केलं आणि चपला पायात सरकवल्या.

"अंगावरच्या कपड्यानिशी मागच्या दारी उभी राहा," मी म्हणाले. "मी गाडी घेऊन निघाले."